सोलारिसवर अपाचे-टॉमकॅट कनेक्टर पुन्हा पुन्हा तुटतो? या क्रमाने तपासा

पुढे अपाचे, मागे टॉमकॅट, मध्ये मॉड-जेके (अपाचेकडे आलेल्या रिक्वेस्ट टॉमकॅटकडे पोचवणारं अपाचेचं मॉड्यूल) आणि खाली सोलारिस १० किंवा ११. अशा मशीनवर पुढचं एखादं लक्षण दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची आहे. ओपनइंडियाना, ओम्निओएस या इल्युमॉस घराण्यातल्या सिस्टिमवरही यातलं बहुतेक लागू पडतं. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ रूपातच टाका.

लक्षणं

- ब्राउझरमध्ये ५०३ येतं, पण टॉमकॅट थेट ८०८० पोर्टवर उघडला तर अ‍ॅप व्यवस्थित चालतं.
- टॉमकॅटची आवृत्ती वाढवली आणि तेव्हापासून ५०३ किंवा ४०३ सुरू झालं. कॉन्फिगला तर कुणी हात लावलेला नाही.
- रीबूट झालं की साइट बंद. कुणीतरी लॉगिन करून हाताने सुरू केली की चालते. पुढच्या रीबूटला पुन्हा तेच.
- बराच वेळ कुणी वापरलं नाही की पहिली रिक्वेस्ट लटकते, दुसरी लगेच जाते.
- चित्रं आणि साधी पानं येतात, अ‍ॅपची पानं मात्र ४०४ देतात.
- अपाचेच उठत नाही. लोडमॉड्यूलच्या ओळीवर अडतो.

हा बिघाड मी अनेक मशीनवर निस्तरला आहे, आणि मॉड-जेकेमध्येच खोट निघाली असं फार क्वचित झालं. बहुतेक वेळा दोन्ही टोकांचं आपसात जुळत नसतं: पत्ता वेगळा, पोर्ट वेगळा, नाहीतर गुप्त शब्द वेगळा. त्यात सोलारिसचं आउटपुट लिनक्सपेक्षा निराळं दिसतं, त्यामुळे लिनक्सची सवय असलेला माणूस बरोबर जागी पाहूनही चुकीचा निष्कर्ष काढतो. म्हणून सोप्या आणि फुकटच्या तपासण्या आधी. कंपायलरला हात सगळ्यात शेवटी.

सुरुवात लॉगमधल्या आकड्यापासून

अपाचेच्या कॉन्फिगमध्ये जेकेलॉगफाइल या सेटिंगपुढे दिलेली मॉड-जेकेची लॉग फाइल उघडा. अशी ओळ सापडेल: १२७.०.०.१:८००९ ला कनेक्ट फसलं, एररनो १४६. हा आकडा इंटरनेटवर शोधला तर फारसं हाती लागत नाही, कारण बहुतेक उत्तरं लिनक्सवाल्यांची असतात आणि तिथे याच चुकीचा नंबर १११ आहे. सोलारिसचे आकडे वेगळे आहेत. एवढे जवळ ठेवा:

- १४६: समोरच्याने जोडणी नाकारली. त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही.
- १४५: वेळ संपली. पाकीट वाटेत कुठेतरी गिळलं जातंय, बहुधा फायरवॉल.
- १३१: चालू जोडणी समोरून तोडली गेली.
- १२५: पत्ता आधीच वापरात आहे. हा बहुतेकदा सर्व्हर सुरू होताना दिसतो.
- १२६: तो पत्ता या मशीनवर किंवा या झोनमध्ये (एकाच मशीनवरचा सोलारिसचा वेगळा कप्पा) नाहीच.
- १४८: त्या होस्टपर्यंत रस्ता नाही.

हे आकडे तुमच्याच मशीनवर, सिस्टिमच्या हेडर फाइलींमधल्या सिस/एररनो.एच मध्ये पडताळून पाहता येतात. आकड्याला इतकं महत्त्व देण्याचं कारण सरळ आहे. १४६ आणि १४५ दोन्हींना ब्राउझरमध्ये एकच ५०३ दिसतं, पण त्यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. १४६ असताना फायरवॉलचे नियम चाळत बसणं किंवा १४५ असताना टॉमकॅट पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करणं, यात तासन्‌तास जातात.

एररनोऐवजी लॉगमध्ये 'चुकीचा मेसेज फॉरमॅट ०एक्स४८५४' असं दिसलं तर शोध तिथेच संपला. ४८ आणि ५४ हे आस्की तक्त्यात 'एच' आणि 'टी' या अक्षरांचे कोड आहेत, म्हणजे समोरून 'एचटीटीपी' अशी सुरुवात असलेलं उत्तर आलं. मॉड-जेके एजेपी (अपाचे आणि टॉमकॅट यांच्यातला प्रोटोकॉल) बोलतोय आणि तुम्ही त्याला ८०८० च्या एचटीटीपी पोर्टशी जोडलंय. टॉमकॅटकडून येणारं एजेपीचं पाकीट ०एक्स४१४२ ने, म्हणजे 'ए' आणि 'बी' ने सुरू व्हायला हवं. वर्कर्स.प्रॉपर्टीज या मॉड-जेकेच्या कॉन्फिग फाइलमधला पोर्ट ८००९, म्हणजे टॉमकॅटचा एजेपी पोर्ट, करा, अपाचे रीस्टार्ट करा, काम झालं.

१. टॉमकॅट खरंच चालू आहे का?

'एसव्हीसीएस -एक्सव्ही' चालवा. काही पडलेलं नसेल तर ही कमांड काहीच छापत नाही. पडलेलं असेल तर सर्व्हिसचं नाव, मेंटेनन्स स्थिती, कारण आणि लॉगचा पत्ता हे सगळं एका ठिकाणी देते. सोलारिसवरची माझी सगळ्यात आवडती कमांड हीच. एसएमएफ, म्हणजे सर्व्हिस सुरू करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारी सोलारिसची यंत्रणा, सोलारिस १० पासून आहे, तरीही लोक अजून थेट प्रोसेसच्या यादीत शोधत बसतात.

कारणाच्या जागी 'स्टार्ट मेथड वारंवार फसली' असं असेल तर खाली दिलेला लॉग, म्हणजे व्हार/एसव्हीसी/लॉग मधली फाइल, शेवटून वाचा. लॉग न वाचता 'एसव्हीसीएडीएम क्लिअर' मारू नका. क्लिअर केल्याने एसएमएफ सर्व्हिस पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करतं, एवढंच. मूळ कारण तसंच असेल तर ती परत मेंटेनन्समध्ये जाते आणि लॉगमध्ये त्याच चुकीची आणखी एक थप्पी लागते.

इथे एक फसवी जागा आहे. टॉमकॅटची सर्व्हिस कुणी हाताने मॅनिफेस्ट (एसएमएफला सर्व्हिसची माहिती देणारी फाइल) लिहून बनवली असेल आणि त्यात तिचा प्रकार 'ट्रान्झियंट' ठेवला असेल, तर स्टार्ट स्क्रिप्ट एकदा यशस्वी झाली की एसएमएफ त्या प्रोसेसवर लक्षच ठेवत नाही. जावा मेला तरी सर्व्हिस ऑनलाइनच दिसते. म्हणून 'एसव्हीसीएस -पी' ने सर्व्हिसच्या नावाखाली प्रोसेस दिसते का तेही पाहा. ऑनलाइन असून खाली एकही प्रोसेस नसेल तर मॅनिफेस्ट दुरुस्त करायला हवं, नाहीतर हा प्रकार पुन्हा होणारच.

२. ८००९ वर कुणी ऐकतंय का?

'नेटस्टॅट -एएन' चालवून ८००९ शोधा. लिनक्सच्या सवयीने ':८००९' असं शोधलंत तर काहीच मिळणार नाही, कारण सोलारिसचं नेटस्टॅट पत्ता आणि पोर्ट यांच्यामध्ये कोलन नाही, टिंब छापतं. ओळ '१२७.०.०.१.८००९' अशी दिसते. '.८००९' शोधा. तसंच कोणती प्रोसेस आहे हे पाहायला '-पी' जोडू नका. इथे त्या पर्यायाने एआरपीचा तक्ता येतो. प्रोसेसकडून खात्री हवी असेल तर जावाचा पीआयडी घेऊन 'पीफाइल्स' चालवा. त्या प्रोसेसने उघडलेला प्रत्येक सॉकेट पत्त्यासह आणि पोर्टसह दिसतो.

नेटस्टॅटला फक्त आयपीव्ही४ दाखवायला सांगू नका, पूर्ण यादी पाहा. जावा अनेकदा आयपीव्ही६ प्रकारचा सॉकेट उघडून त्यातूनच व्ही४ चालवतो. अर्धी यादी पाहून 'पोर्ट बंद आहे' असं ठरवलेली माणसं मी पाहिली आहेत.

८००९ कुठेच नसेल आणि टॉमकॅट चालू असेल, तर टॉमकॅटची कॉन्फिग फाइल सर्व्हर.एक्सएमएल उघडा. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने ओळखली जाणारी गंभीर त्रुटी, सीव्हीई-२०२०-१९३८, जाहीर झाली. एजेपी पोर्ट उघडा असेल तर बाहेरचा माणूस वेब अ‍ॅपमधल्या फाइली वाचू शकत होता. त्यावर उपाय म्हणून टॉमकॅट ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ पासून एजेपीचे डिफॉल्ट बदलले. कनेक्टरची ओळ आता कॉमेंटमध्येच येते. आधी तो सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा, आता फक्त लूपबॅकवर ऐकतो. आणि दोन्ही टोकांना सारखा लागणारा गुप्त शब्द (सीक्रेट) सक्तीचा झाला.

'काहीच न बदलता बिघडलं' या तक्रारीमागे मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. कॉन्फिग तुम्ही बदललं नाही हे खरं, पण न लिहिलेल्या सेटिंगचा अर्थ नव्या आवृत्तीत बदलला.

नुसती कॉमेंट काढून रीस्टार्ट केलंत तर कनेक्टर उठत नाही. कॅटॅलिना.आउट या टॉमकॅटच्या लॉगमध्ये 'सीक्रेटरिक्वायर्ड ट्रू आहे, पण सीक्रेट रिकामा आहे, हे चालणार नाही' अशा अर्थाची स्पष्ट ओळ येते. ८०८० चा कनेक्टर मात्र आपला आपला सुरू होतो, म्हणून वरवर पाहता टॉमकॅट ठणठणीत वाटतो.

३. दोन्ही टोकं एकाच पत्त्यावर आहेत का?

एकट्या या तपासणीवर निम्मी प्रकरणं मिटतात, म्हणून इथे घाई करू नका.

सर्व्हर.एक्सएमएलमधल्या त्या कॉमेंट केलेल्या नमुन्यात पत्ता '::१' दिलेला असतो, म्हणजे आयपीव्ही६ चा लूपबॅक. वर्कर्स.प्रॉपर्टीजमध्ये बहुतेकांनी वर्षानुवर्षं १२७.०.०.१ ठेवलेलं असतं. दोन्ही 'हेच मशीन' असले तरी ते दोन वेगळे पत्ते आहेत, आणि एकावर ऐकणारा दुसऱ्यावरची हाक ऐकत नाही. लॉगमध्ये १४६, नेटस्टॅटमध्ये मात्र ८००९ ऐकताना दिसतोय, अशी विसंगती असेल तर नेटस्टॅटच्या त्या ओळीतला पत्ता अक्षरन्‌अक्षर वाचा.

वर्करच्या (मॉड-जेकेच्या कॉन्फिगमधल्या टॉमकॅटच्या नोंदीच्या) होस्टमध्ये 'लोकलहोस्ट' हे नाव ठेवू नका. नावाचा पत्ता काय निघेल हे होस्ट्स फाइल, नेम सर्व्हिसचा क्रम आणि लायब्ररी यांवर अवलंबून राहतं. अपडेटनंतर यातलं काहीही हलू शकतं. दोन्हीकडे आकडेच लिहा:

सर्व्हर.एक्सएमएलमध्ये: प्रोटोकॉल एजेपी/१.३, अ‍ॅड्रेस १२७.०.०.१, पोर्ट ८००९, सीक्रेट तुमचा शब्द.
वर्कर्स.प्रॉपर्टीजमध्ये: वर्कर.अ‍ॅप१.टाइप=एजेपी१३, वर्कर.अ‍ॅप१.होस्ट=१२७.०.०.१, वर्कर.अ‍ॅप१.पोर्ट=८००९, वर्कर.अ‍ॅप१.सीक्रेट=तोच शब्द.

आता झोन. अपाचे एका झोनमध्ये आणि टॉमकॅट दुसऱ्या झोनमध्ये असेल तर १२७.०.०.१ ने ते कधीच भेटणार नाहीत. प्रत्येक झोनचा लूपबॅक त्याचा स्वतःचा असतो, मशीन एकच असलं तरी. दोन्ही टर्मिनलवर 'झोननेम' चालवा. वेगळी उत्तरं आली तर कारण सापडलं. मग टॉमकॅटच्या झोनचा खरा आयपी कनेक्टरच्या अ‍ॅड्रेसमध्ये आणि वर्करच्या होस्टमध्ये द्यायचा, आणि ८००९ फक्त अपाचेच्या झोनमधून पोचेल असा फायरवॉलचा नियम ठेवायचा. नियम ऐच्छिक समजू नका. एजेपी एन्क्रिप्ट केलेला नसतो आणि गुप्त शब्दही तारेवर उघडाच जातो. कंटाळून अ‍ॅड्रेस ०.०.०.० करणं आणि सीक्रेटरिक्वायर्ड फॉल्स करणं, ही जोडी कृपया एकत्र आणू नका. २०२० मध्ये बंद केलेलं दार तुम्ही स्वतः उघडताय.

४. जोडणी होते, पण ४०३

५०३ जाऊन ४०३ आलं तर ती प्रगती समजा. दोघं बोलू लागलेत. आधी हे ४०३ कुणाचं ते ठरवा. अपाचेच्या एरर लॉगमध्ये एएच०१६३० ची ओळ असेल तर नकार अपाचेच्या स्वतःच्या नियमांतून आलाय, कनेक्टरचा संबंध नाही. ती नसेल तर टॉमकॅटने नाकारलंय, आणि त्याची दोन कारणं संभवतात.

प्रत्येक पत्त्यावर ४०३ येत असेल तर सीक्रेट जुळत नाही. एक्सएमएलमध्ये अ‍ॅम्परसँड किंवा अवतरणचिन्ह असलेला शब्द एस्केप करावा लागतो, प्रॉपर्टीज फाइलीत तसं नसतं. तिथेच दोन टोकांचे शब्द वेगळे होतात. लांब, पण फक्त अक्षरं आणि आकडे असलेला शब्द घ्या, ही भानगडच राहणार नाही. वर्कर्स.प्रॉपर्टीज आता गुप्त फाइल झाली आहे. अपाचे ज्या खात्याने सुरू होतो त्याच्याशिवाय कुणाला ती वाचता येऊ नये.

सीक्रेट बरोबर असून ४०३ येत असेल आणि तुम्ही जेकेएनव्हीव्हारने अपाचेकडून लॉगिनची वगैरे जास्तीची माहिती टॉमकॅटला पाठवत असाल, तर नवा टॉमकॅट अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट दिसताच रिक्वेस्ट नाकारतो. कनेक्टरवर 'अलाउडरिक्वेस्टअ‍ॅट्रिब्यूट्सपॅटर्न' मध्ये नेमक्या त्याच नावांना बसेल असा पॅटर्न द्या. सगळ्याला परवानगी देणारा पॅटर्न टाकला की लगेच चालतं, आणि म्हणूनच तो मोह टाळा.

५. ४०४: रिक्वेस्ट टॉमकॅटकडे जातच नाही

जेकेमाउंट (कोणते पत्ते टॉमकॅटकडे पाठवायचे हे सांगणारी ओळ) मुख्य कॉन्फिगमध्ये आहे आणि साइट व्हर्च्युअल होस्टमध्ये, तर तो माउंट आपोआप आत उतरत नाही. व्हर्च्युअल होस्टमध्ये 'जेकेमाउंटकॉपी ऑन' लिहा किंवा माउंट तिथेच द्या. एसएसएलचा ४४३ चा होस्ट नंतर जोडला आणि फक्त तिथेच ४०४ येतंय, तर कारण नक्की हेच.

'/अ‍ॅप/*' हा पॅटर्न शेवटच्या तिरप्या रेघेशिवायच्या '/अ‍ॅप' ला लागू होत नाही. '/अ‍ॅप|/*' असं लिहिलं की दोन्ही येतात.

मॉड-जेके १.२.४९ ला वाढवल्यावर ४०४ सुरू झालं असेल, तर त्या आवृत्तीत सुरक्षेसाठी अध्याहृत मॅपिंग काढून टाकलंय. आधी काही परिस्थितीत माउंट न लिहिताही रिक्वेस्ट पहिल्या वर्करकडे जायची. आता प्रत्येक माउंट स्पष्ट लिहावा लागतो. मागे जाऊ नका, माउंट लिहा.

६. हाताने चालतं, रीबूटनंतर नाही

याची कारणं ठरलेली आहेत. ती नीट मिटवली नाहीत तर दर रीबूटला तुम्हाला फोन येत राहील.

पहिलं कारण एन्व्हायर्नमेंट. तुमच्या शेलच्या प्रोफाइलमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ किंवा जावा_होम असतं, एसएमएफच्या मेथडला त्यातलं काहीही मिळत नाही. म्हणून हाताने सुरू केलेला अपाचे मॉड-जेकेला लागणारी लायब्ररी शोधू शकतो, एसएमएफने सुरू केलेला शोधू शकत नाही. सर्व्हिसच्या लॉगमध्ये 'एलडी.एसओ.१: फेटल: ओपन फेल्ड' असं लिहिलेलं असतं. तात्पुरता उपाय म्हणजे 'एसव्हीसीसीएफजी' च्या सेटएन्व्ह ने ते व्हेरिएबल सर्व्हिसलाच देणं आणि नंतर 'एसव्हीसीएडीएम रिफ्रेश' करणं. रिफ्रेश विसरलात तर बदल चालू कॉन्फिगमध्ये उतरतच नाही. पक्का उपाय म्हणजे मॉड्यूल लिंक करतानाच '-आर' ने लायब्ररीचा रस्ता त्यात कोरून टाकणं.

दुसरं, अपाचे कुणीतरी 'अपाचेसीटीएल स्टार्ट' ने सुरू केला. तो एसएमएफच्या नजरेबाहेर चालतो. मग एसएमएफ स्वतःचा सुरू करायला जातं आणि पोर्ट अडलेला पाहून पडतं: एररनो १२५ आणि एएच०००७२. साइट त्या क्षणी चालू असते, सर्व्हिस मेंटेनन्समध्ये. हाताने चढवलेला अपाचे थांबवा, सर्व्हिस क्लिअर करा, आणि पुढे फक्त एसव्हीसीएडीएम वापरायचं हे सगळ्यांना सांगून ठेवा.

तिसरं, जेकेशेमफाइल, म्हणजे मॉड-जेकेची शेअर्ड मेमरीची फाइल. ती व्हार/रन खाली स्वतः बनवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली असेल तर ते फोल्डर रीबूटला पुसलं जातं, कारण ती जागा मेमरीवरच्या फाइलसिस्टिममध्ये आहे. फाइल अपाचे नव्याने बनवतो, फोल्डर बनवत नाही. टिकणाऱ्या, लोकल डिस्कवरच्या फोल्डरमध्ये हलवा. एनएफएसवर मात्र नको.

चौथं, सोलारिस १० वर 'एनडीडी' ने बदललेली टीसीपीची सेटिंग रीबूटला उडतात. सोलारिस ११ वर 'आयपीएडीएम' ने केलेले बदल टिकतात.

७. शांततेनंतरची पहिली रिक्वेस्ट लटकते

मॉड-जेके जोडण्या उघड्या ठेवतो आणि पुन्हा वापरतो. मधली फायरवॉल निष्क्रिय जोडणी गुपचूप विसरते. दोन्ही टोकांना वाटतं ती जिवंत आहे. पहिली रिक्वेस्ट त्या मेलेल्या जोडणीवर जाते आणि १४५ किंवा १३१ येतो. सोलारिसचा टीसीपी कीपअलाइव्ह डिफॉल्टने दोन तासांचा असतो, तोवर बहुतेक फायरवॉल जोडणी विसरलेली असते.

वर्करवर 'पिंग_मोड=ए' द्या. मग रिक्वेस्ट पाठवण्याआधी मॉड-जेके सीपिंग करून सीपाँगची वाट पाहतो आणि मेलेली जोडणी टाकून नवी उघडतो. सोबत 'कनेक्शन_पूल_टाइमआउट' फायरवॉलच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा आणि टॉमकॅटच्या कनेक्टरवर 'कनेक्शनटाइमआउट' त्याच मुदतीचा द्या. एकक वेगवेगळं आहे हे ध्यानात असू द्या: पहिला सेकंदात, दुसरा मिलिसेकंदात. एकीकडे ६०० असेल तर दुसरीकडे ६०००००. दोन्हीकडे ६०० लिहिलं की टॉमकॅट अर्ध्या सेकंदाच्या आसपासच जोडण्या तोडू लागतो आणि लॉग १३१ ने भरतो.

८. मॉड्यूलच लोड होत नाही

इथून पुढे वेळ आणि धीर दोन्ही लागतात. 'राँग ईएलएफ क्लास: ईएलएफक्लास३२' याचा अर्थ अपाचे ६४ बिटचा आहे आणि मॉड्यूल ३२ चं. एचटीटीपीडी आणि मॉड-जेके दोन्हींवर 'फाइल' कमांड चालवून ताडून घ्या. स्पार्कवरचं मॉड्यूल इंटेलच्या मशीनवर कॉपी केल्याचेही प्रकार होतात. तेही याच कमांडमध्ये उघड होतात.

'रीलोकेशन एरर, सिंबॉल सापडला नाही' आणि सिंबॉलचं नाव 'एपी_' ने सुरू होत असेल, तर मॉड्यूल अपाचे २.२ साठी बांधलेलं आहे आणि तुम्ही ते २.४ मध्ये घालताय. नव्याने बांधावंच लागेल. 'एलडीडी' ने मॉड्यूल तपासा. ज्या लायब्ररीपुढे 'फाइल नॉट फाउंड' येईल ती मुद्दा ६ मधली.

बांधताना चालू असलेल्या अपाचेचाच एपीएक्सएस (अपाचेचं मॉड्यूल बांधायचं साधन) द्या, पाथमध्ये आधी सापडेल तो नको. 'एपीएक्सएस -क्यू सीसी' आणि 'एपीएक्सएस -क्यू सीफ्लॅग्ज' पाहा. अपाचे स्टुडिओ कंपायलरने बांधला असेल तर तिथे '-एक्स' ने सुरू होणारे फ्लॅग असतात, ते जीसीसीला कळत नाहीत. मग सीसी आणि सीफ्लॅग्ज स्वतः द्या, त्यात '-एम६४' घाला, आणि मेक नव्हे, जीमेक चालवा.

माझं मत विचाराल तर, बांधणी एक-दोनदा फसली की तिथे अडकून राहू नका. मॉड-प्रॉक्सी-एजेपी अपाचेसोबतच येतं, वेगळं कंपाइल करावं लागत नाही, आणि अपाचे २.४.४२ पासून त्यालाही सीक्रेट देता येतो. मॉड-जेकेचं लोड बॅलन्सिंग बारकाईने वापरत नसाल तर काहीच गमवावं लागत नाही.

९. सगळं बरोबर दिसतंय, तरी नाही

अपाचेच्या एका चाइल्ड प्रोसेसवर 'ट्रस -एफ -टी कनेक्ट -पी' (ट्रस ही प्रोसेसचे सिस्टिम कॉल दाखवणारी कमांड) आणि तिचा पीआयडी द्या, आणि ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवा. 'कनेक्ट' च्या ओळीच्या शेवटी 'ईआरआर#१४६ ईकॉनरिफ्यूज्ड' असं सरळ दिसतं. कनेक्टची ओळच आली नाही तर रिक्वेस्ट दुसऱ्या चाइल्डकडे गेली किंवा माउंटच लागला नाही. मुद्दा ५ पुन्हा पाहा. ट्रसमुळे प्रोसेस मंदावते, म्हणून काम झालं की लगेच थांबवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

घोस्टकॅटच्या दुरुस्तीआधीचा टॉमकॅट आहे आणि ८००९ बाहेरच्या नेटवर्कवर उघडा होता असं आढळलं, तर कनेक्टर दुरुस्त करू नका. पोर्ट बाहेरून बंद करा, लॉग जसेच्या तसे बाजूला ठेवा आणि सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांना कळवा. अ‍ॅपच्या फाइलींमधले डेटाबेसचे पासवर्ड फुटलेले असू शकतात. रीस्टार्ट आणि साफसफाई यांनी पुरावा जातो.

'सीआरएलई' ने लायब्ररीचा डिफॉल्ट रस्ता बदलायची वेळ आली तरी थांबा. '-यू' न देता ही कमांड चालवली तर जुने रस्ते पुसले जातात आणि साध्या कमांडही चालेनाशा होतात. कुणी आधीच चालवून बसलं असेल तर उघडं असलेलं रूट टर्मिनल बंद करू नका. 'एलडी_नोकॉन्फिग' ला काहीतरी मूल्य देऊन ती कॉन्फिग फाइल टाळता येते, पण पुढचं काम सवयीच्या हातांचं आहे.

झोनचं नेटवर्क ग्लोबल झोनमधून बदलावं लागत असेल, मधली फायरवॉल तुमच्या ताब्यात नसेल, किंवा अपाचे वा जावा कोअर टाकून पडत असेल, तर तेही तुमच्या एकट्याचं काम नाही. कोअर फाइल पुसू नका, 'पीस्टॅक' चं आउटपुट काढून ठेवा.

बोलावलेल्या माणसाला या गोष्टी आयत्या द्या: 'एसव्हीसीएस -एक्सव्ही' चं आउटपुट, मॉड-जेकेच्या लॉगमधल्या बिघाडाच्या वेळच्या ओळी, '.८००९' असलेल्या नेटस्टॅटच्या ओळी, 'झोननेम', अपाचे, टॉमकॅट आणि मॉड-जेके या तिन्हींच्या आवृत्त्या, आणि सीक्रेट झाकलेली सर्व्हर.एक्सएमएल व वर्कर्स.प्रॉपर्टीज. शेवटचं अपडेट किंवा रीबूट कधी झालं तेही लिहा.